एकदम ओक्के! दोन अक्षरांची जगभर भटकंती

इंग्रजीचा एकही धडा न शिकलेला माणूससुद्धा एक इंग्रजी शब्द दिवसभर वापरत असतो. गॅरेजमधला मिस्त्री ब्रेक दाबून बघतो आणि म्हणतो, "ओके." भाजीवाली मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा आवाज ऐकते आणि म्हणते, "ओके." आजी व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या नातवाला सांगते, "ओके बाळा, ठेवते आता." शब्द एकच, पण तिघांचा अर्थ वेगळा. आणि तिघांनाही तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

एवढ्याशा या शब्दाचं चरित्र एखाद्या कादंबरीला शोभेल असं आहे. त्यात निवडणूक आहे, गोळीबार आहे, चंद्र आहे, एक फसलेलं शीतपेय आहे आणि आपल्या घाटातले ट्रकही आहेत. चला, एकेक गंमत बघू.

जन्मतारीख पक्की

बहुतेक शब्द नेमके कधी जन्मले हे कुणालाच सांगता येत नाही. ओकेच्या बाबतीत मात्र छापील पुरावा आहे: २३ मार्च १८३९, गाव बोस्टन, वर्तमानपत्र 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांच्या पत्रात एक खुसखुशीत मजकूर छापून आला. विषय होता घंटा वाजवण्याच्या वादातून निघालेल्या एका हौशी मंडळाचा. त्या मजकुरात 'ओ. के.' ही दोन अक्षरं आली आणि अर्थ कळावा म्हणून लगेच पुढे खुलासाही आला: 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर.

आता कुणीही विचारेल, 'ऑल'चं पहिलं अक्षर इंग्रजीत 'ए' आणि 'करेक्ट'चं 'सी'. मग 'ए. सी.' व्हायला हवं होतं, 'ओ. के.' कसं झालं? गंमत तिथेच आहे. स्पेलिंग मुद्दाम चुकवलं होतं. 'ऑल' लिहिताना 'ओ' आणि 'करेक्ट' लिहिताना 'के'. 'सगळं बरोबर' असं सांगणाऱ्या शब्दातली दोन्ही अक्षरं चूक!

तेव्हाची शॉर्टकट भाषा

मोबाइलवरची तरुण मंडळी शब्दांचे तुकडे पाडतात म्हणून आपण कुरकुरतो. पण १८३० च्या दशकात बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी नेमकं हेच केलं होतं. शब्दांची आद्याक्षरं लिहायची आणि शक्यतो चुकीच्या स्पेलिंगवरून लिहायची, ही त्या काळची टूम होती. 'ऑल राइट'साठी 'ओ. डब्ल्यू.' लिहीत, कारण 'राइट'चं स्पेलिंग मुद्दाम 'डब्ल्यू'पासून करायचं. 'नो गो', म्हणजे 'जमणार नाही', यासाठी 'के. जी.' लिहीत, कारण 'नो' लिहायचा तो 'ठाऊक असणे' या अर्थाच्या शब्दासारखा, आधी 'के' लावून. किरकोळ बाबीला 'एस. पी.', म्हणजे 'स्मॉल पोटॅटोज', म्हणजे बारकेसे बटाटे! कुणी कर्ज बुडवून पळाला की 'जी. टी.', म्हणजे 'गॉन टू टेक्सस'.

या सगळ्या आद्याक्षरांचं काय झालं? टूम ओसरली आणि ती विस्मरणात गेली. तगून राहिलं ते फक्त ओके. आणि ते तगलं त्याला कारण झाली एक निवडणूक.

किंडरहूकचे आजोबा

१८४० साली अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा निवडणुकीला उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक. त्यावरून समर्थक त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणू लागले आणि त्या नावाची आद्याक्षरं आयतीच 'ओ. के.' निघाली. लगेच न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' निघाले. 'ओके' म्हणजे आपला माणूस, आणि 'ओके' म्हणजे सगळं ठीक. प्रचाराला याहून सुटसुटीत घोषवाक्य कुठून मिळणार?

विरोधकांनीही ही दोन अक्षरं सोडली नाहीत. देश तेव्हा आर्थिक मंदीत होता. त्यांनी अर्थ लावला, 'आउट ऑफ कॅश', आणि त्यातला 'कॅश'ही 'के'पासून लिहिला! याहून मोठी थाप अँड्र्यू जॅक्सन यांच्याबद्दल होती. हे माजी अध्यक्ष म्हणजे व्हॅन ब्युरेन यांचे राजकीय गुरू. त्यांना स्पेलिंग येत नाही, ते कागदपत्रांवर 'ऑल करेक्ट' म्हणून 'ओ. के.' लिहितात, अशी आवई विरोधकांनी उठवली. ती खोटी होती. पण पुढची कित्येक वर्षं लोक हीच ओकेची खरी जन्मकथा मानत राहिले.

व्हॅन ब्युरेन ती निवडणूक हरले, पण त्यांच्या प्रचाराने ओके देशभर पोचवलं. आणि त्यातलीही एक गंमत बघा: व्हॅन ब्युरेन यांची मातृभाषा डच होती. मातृभाषा इंग्रजी नसलेले ते अमेरिकेचे एकमेव अध्यक्ष. इंग्रजीच्या सर्वांत गाजलेल्या शब्दाला घरोघरी पोचवलं ते इंग्रजी नंतर शिकलेल्या माणसाच्या नावाने!

हक्क सांगणारे अनेक

मूल नावारूपाला आलं की नातेवाईक वाढतात. ओकेचं तसंच झालं. ग्रीक म्हणतात, आमच्या 'ओला काला'वरून, म्हणजे 'सगळं छान'वरून, हा शब्द आला. स्कॉटलंडवाले म्हणतात, आमच्या 'ऑख आय'वरून. फिनलंडवाल्यांकडे 'ओइकेआ' आहे, अर्थ 'बरोबर'. कुणी हैतीतल्या 'ले काय' बंदराच्या उत्तम रमकडे बोट दाखवतं, कुणी ओबाडाया केली नावाच्या रेल्वे कारकुनाच्या सहीकडे. युद्धात एकही सैनिक न पडल्याच्या अहवालावर 'झिरो किल्ड' लिहीत, त्यातल्या शून्याचा 'ओ' झाला, अशीही एक गोष्ट आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या 'वाव के'चा दावा तर अभ्यासकांनीही गंभीरपणे मांडला.

या गुंत्याचा निकाल लावला कोलंबिया विद्यापीठातले भाषाअभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी. जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसून त्यांनी बोस्टनचा तो मजकूर शोधला आणि १९६३ व १९६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात लेखमाला लिहून सगळी साखळी मांडली. शब्द छापला गेल्यानंतर सव्वाशे वर्षांनी त्याचा जन्मदाखला सापडला! एका शब्दाच्या मागे इतकी वर्षं चिकाटीने लागणाऱ्या माणसाला सलाम करायलाच हवा.

अध्यक्षांचं 'ओकेह' आणि ओट्टोसाहेबांच्या तबकड्या

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन कागदांवर ओके लिहीत नसत. ते लिहीत 'ओकेह', शेवटी 'एच' लावून. हा शब्द चॉक्टॉ या मूलनिवासी अमेरिकी जमातीच्या भाषेतला आहे, अशी त्यांची खात्री होती. त्या भाषेत अशा उच्चाराचा, 'हे असंच आहे' या अर्थाचा शब्द आहेच.

१९१८ साली न्यूयॉर्कमध्ये याच स्पेलिंगची ग्रामोफोन कंपनी निघाली: 'ओकेह रेकॉर्ड्स'. संस्थापकाचं नाव होतं ओट्टो के. ई. हाइनमन. त्यांची आद्याक्षरं ओळीने लिहा: ओ, के, ई, एच. झालं कंपनीचं नाव तयार! १९२० साली याच कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजात 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं आणि ब्लूज संगीताला तबकड्यांची बाजारपेठ खुली झाली. लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'हॉट फाइव्ह' या गाजलेल्या वाद्यवृंदाच्या तबकड्याही ओकेहच्याच.

अर्ध्या मिनिटाची चकमक

वेस्टर्न चित्रपटांच्या शौकिनांना 'ओ. के. कोरल' हे नाव ठाऊक असतं. कोरल म्हणजे घोडे, गुरं कोंडण्याचं आवार. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात वायट अर्प, त्यांचे भाऊ आणि डॉक हॉलिडे यांची काउबॉयांच्या टोळीशी चकमक झाली. जेमतेम अर्ध्या मिनिटात सुमारे तीस गोळ्या झाडल्या गेल्या आणि तीन जण ठार झाले.

मात्र ही चकमक ओ. के. कोरलमध्ये झालीच नव्हती! ती झाली कोरलच्या मागच्या दारापासून थोड्या अंतरावर, एका फोटो स्टुडिओशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत. पण 'फोटो स्टुडिओशेजारची चकमक' हे चित्रपटाचं नाव कोण ठेवणार? १९५७ च्या हॉलिवूडपटाने ओ. के. कोरलचं नाव घेतलं आणि तेच कायम झालं.

राज्याला ओके, विमानाला ओके, गाण्याला ओके

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचा टपाल संकेत 'ओके' आहे. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एके काळी 'ओक्लाहोमा इज ओके' असं अभिमानाने लिहिलेलं असे. राज्याच्या नावाचा उगम मात्र वेगळा. चॉक्टॉ भाषेत 'ओक्ला' म्हणजे लोक आणि 'हुम्मा' म्हणजे लाल.

विमानतळावर एखाद्या विमानाच्या अंगावर ठळक 'ओके' दिसलं तर तपासणी पास झाल्याचा शिक्का समजू नका. ते विमान चेक प्रजासत्ताकात नोंदलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय विमानांची नोंदणी जशी 'व्हीटी'ने सुरू होते, तशी त्यांची 'ओके'ने.

चिनी लिपीत तर आणखी नवल. कराओके हा जपानी शब्द चिनी लोक लिहितात तेव्हा 'कारा'साठी चिनी चिन्हं काढतात आणि पुढे सरळ रोमन लिपीत 'ओके' लिहून मोकळे होतात. हजारो चिन्हांच्या त्या लिपीत ही दोन रोमन अक्षरं मजेत बसली आहेत. अर्थाचा काही संबंध नाही, नुसता उच्चार जुळला.

आपल्याकडे तमिळमध्येही असाच योग जुळला. मणिरत्नम यांच्या २०१५ च्या 'ओ कादल कण्मणी' या चित्रपटाच्या पहिल्या दोन शब्दांची आद्याक्षरं ओ आणि के. म्हणून तो 'ओके कण्मणी' झाला आणि पुढे त्याची हिंदी आवृत्ती आली ती 'ओके जानू' म्हणून.

पृथ्वी सोडून पुढे

५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड अंतराळात जाणारे पहिले अमेरिकी ठरले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत गाजला तो 'ए-ओके' हा शब्द. सगळ्यांना वाटलं, तो शेपर्ड यांनी यानातून उच्चारला. प्रत्यक्षात तो होता नासाचे प्रसिद्धी अधिकारी जॉन 'शॉर्टी' पॉवर्स यांच्या तोंडचा. ओकेला पुढे 'ए' कशाला जोडायचा? रेडिओच्या खरखरीत नुसता 'ओ' बुडून जातो, 'ए' टोकदार ऐकू येतो, म्हणून तंत्रज्ञ तसं म्हणत, असा खुलासा दिला जातो.

आणि मग चंद्र. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चं 'ईगल' चंद्रावर उतरलं. नील आर्मस्ट्राँग यांचं पहिल्या पावलाचं वाक्य सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या कित्येक तास आधी, यान टेकताक्षणी, कामाचं बोलणं झालं होतं. यानाच्या पायांना लावलेल्या सळया जमिनीला लागल्याचा दिवा पेटला, तसं बझ ऑल्ड्रिन यांनी कळवलं आणि पाठोपाठ म्हटलं, "ओके, इंजिन बंद." चंद्रावर उमटलेल्या अगदी पहिल्या काही मानवी शब्दांत ओके आहे. बोस्टनच्या पत्रकारांची गंमत एकशे तीस वर्षांत चंद्रावर पोचली!

मठ्ठ म्हटलं म्हणून आलेलं बटण

संगणकावर आपण रोज 'ओके'चं बटण दाबतो. त्यामागेही एक मजेदार प्रसंग आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅपल कंपनीत 'लिसा' हा संगणक तयार होत होता. पडद्यावरच्या त्या बटणावर आधी 'डू इट' असं लिहिलेलं होतं, म्हणजे 'कर'. सामान्य माणसांना बसवून चाचणी घेतली, तेव्हा काही जण त्या बटणाशी येऊन अडू लागले. एक जण तर चिडला. का? दोन शब्दांमधली जागा इतकी कमी होती आणि मोठ्या लिपीतला 'आय' इतका सडसडीत होता की त्याने ते एकत्र वाचलं, 'डोल्ट'. म्हणजे मठ्ठ! 'हे यंत्र मला मठ्ठ का म्हणतंय?' असा त्याचा सवाल होता. मग बटणावर आलं बिनधोक 'ओके', आणि आजही ते तिथेच आहे.

ज्यांनी शाळेत जीडब्ल्यू-बेसिकवर संगणकाचे पहिले धडे गिरवले, त्यांना काळ्या पडद्यावर आदेशाची वाट बघत थांबलेलं 'ओके' नक्की आठवेल. आणि आज तुम्ही मोबाइलवर कुठलंही संकेतस्थळ उघडता, तेव्हा ते चालवणारा संगणक पडद्यामागे तुमच्या मोबाइलला एक निरोप देतो: '२०० ओके'. म्हणजे मागितलं ते मिळालं. आपल्याला न दिसता असे अगणित ओके रोज तारांमधून धावत असतात.

बोटांचं ओके: जरा जपून

अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा, उरलेली तीन बोटं उभी. जिलेबी फक्कड झाली की आपण हलवायाला हीच खूण करतो. पण देश बदलला की हिचा अर्थ बदलतो. जपानमध्ये हा गोल म्हणजे नाणं, म्हणून खुणेचा अर्थ पैसे. फ्रान्समध्ये हा गोल शून्याचा, म्हणजे 'काही दम नाही' असाही अर्थ निघतो. ब्राझीलमध्ये ही खूण शिवी समजली जाते, तेव्हा तिथे हात खिशात बरे. अमेरिकेत २०१७ मध्ये इंटरनेटवरच्या टवाळखोरांनी ही खूण वंशवाद्यांची आहे अशी थाप पसरवली. मग काही वंशवाद्यांनी ती खरंच उचलली. २०१९ मध्ये 'अँटी डिफेमेशन लीग' या संस्थेने द्वेषचिन्हांच्या यादीत तिची नोंद केली, पण बहुतेक वेळा तिचा अर्थ साधासुधा 'ठीक' एवढाच असतो, हेही बजावून सांगितलं.

पाण्याखाली मात्र ही खूण जिवाभावाची. मालवण, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगला गेलात तर बुडी मारण्याआधी प्रशिक्षक हीच खूण शिकवतात: गोल केला म्हणजे 'मी ठीक आहे'. तिथे चुकूनही अंगठा वर करू नका. पाण्यात अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'! प्रवाळ आणि रंगीत मासे बघायचे सोडून तुमची बुडी अर्ध्यात संपायची.

हॉर्न ओके प्लीज

आता आपल्या रस्त्यावर येऊ. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' न वाचता भारतात कोण मोठं झालंय? हॉर्न वाजवा, हे कळलं. कृपया, हेही कळलं. मधे ओके कशाला? यावर गोष्टी पुष्कळ आहेत. कुणी सांगतं, दुसऱ्या महायुद्धात डिझेल मिळेना म्हणून ट्रक केरोसीनवर चालत. मागच्या गाड्यांनी अंतर ठेवावं म्हणून 'ऑन केरोसीन' असा इशारा लिहीत, त्याचं ओके झालं. कुणी सांगतं, ती टाटांच्या 'ओके' नावाच्या साबणाची जाहिरात होती. कुणी म्हणतं, मागच्या गाडीला पुढे जायला वाट मोकळी आहे हे सांगणारा ओकेचा दिवा असे. पक्का पुरावा कुठल्याच गोष्टीला नाही, पण रंगाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते ओके कमळाच्या आणि मोराच्या सोबतीने इतक्या प्रेमाने रंगवलं की ती एक लोककलाच झाली.

महाराष्ट्रात एप्रिल २०१५ मध्ये परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांवर ही ओळ लिहायला मनाई केली. कारण सरळ होतं: ती वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. आता बोस्टन आठवा. ओके पहिल्यांदा छापलं गेलं ते घंटांच्या गोंगाटावरून झालेल्या वादात. पावणेदोनशे वर्षांनंतर महाराष्ट्रात त्याच्यावर बंदी आली तीही गोंगाटाच्याच वादात!

मराठीने केलेले लाड

मराठीने हा शब्द नुसता उसना घेतला नाही, त्याला घरचं व्याकरण दिलं. 'सगळं ओकेमध्ये आहे' असं आपण म्हणतो. इंग्रजीत ओकेच्या 'आत' काही असत नाही, पण मराठीत 'मजेत', 'आनंदात', 'सुखात' असतं, तसंच ओकेमध्येही असतं. 'ओकेबिके ठीक आहे, पण पैसे कधी देणार?' इथे त्याला मराठमोळी जोडीही मिळाली. 'ओकेच आहे' म्हटलं की उत्साह मावळला हे कळतं. 'वरून ओके आलं का?' असं विचारलं की सरकारी कचेरीत सगळ्यांना कळतं, सही झाली का. आणि जोर द्यायचा असेल तर 'क'ला 'क' जोडून 'ओक्के'! 'पक्का', 'चक्क', 'नक्की' या पंगतीत ते अगदी शोभून दिसतं.

जून २०२२ मध्ये राज्यात राजकीय उलथापालथ चालू असताना सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीतल्या हॉटेलातून केलेलं फोनवरचं संभाषण सगळीकडे फिरलं. झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं माणदेशी वर्णन करून त्यांनी सगळ्याला 'ओक्के' ठरवलं आणि तो शब्द टी-शर्टांपासून गाण्यांपर्यंत पोचला. दोनच महिन्यांत विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'खोके'शी यमक जुळवून त्याचीच घोषणा केली. शब्द तोच, एकाच्या तोंडी समाधान आणि दुसऱ्याच्या तोंडी आरोप. १८४० च्या अमेरिकेतही दोन्ही बाजूंनी नेमकं असंच केलं होतं!

धंद्याधंद्यात याच्या वाटा वेगळ्या. छापखान्यात प्रूफ ओके झालं की मजकूर छापायला सुटतो. चित्रीकरणात शॉट ओके झाला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. चाकणच्या कारखान्यांत तपासणी झालेला सुटा भाग 'ओके' असतो, नाहीतर 'एनजी', म्हणजे 'नो गुड'. ही ओके-एनजीची जोडी जपानी कारखान्यांत रुळलेली. जपानमध्ये तर सिनेमाच्या फसलेल्या शॉटलाही एनजीच म्हणतात.

एक शब्द, सहा कामं

ओके इतकं पसरलं कसं? पहिलं कारण उच्चार. 'ओ' आणि 'के' हे ध्वनी जगातल्या बहुतेक भाषांत आहेतच, त्यामुळे जीभ वळवायला लागत नाही. दुसरं कारण त्याची कष्टाळू वृत्ती. मराठीत होकाराला आपण 'हो' म्हणतो, परवानगीला 'चालेल', निरोप पोचल्याला 'कळलं', तब्येतीला 'ठीक', विषय बदलताना 'बरं, तर मग', आणि संभाषण संपवताना 'चला'. ही सहाही कामं ओके एकटं करतं. फोन ठेवताना आपण बहुतेक दोन्ही जोडतो, "ओके, चल, ठेवतो!"

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. ओके गुण देत नाही. या एका शब्दावर २०१० साली अख्खं पुस्तक लिहिणारे अमेरिकी अभ्यासक अ‍ॅलन मेटकाफ यांनी यावर नेमकं बोट ठेवलंय: ओके मान्यता देतं, पण मत देत नाही. 'काम पुढे जाऊ दे', एवढंच ते सांगतं. म्हणून वैमानिकाला, सर्जनला, संगणकाला ते सोयीचं. चांगलं-वाईट ठरवत बसायचं नसतं तिथे ओकेसारखा शब्द नाही.

हा तटस्थपणा कधी अंगलटही येतो. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात कोका-कोला कंपनीने 'ओके सोडा' नावाचं शीतपेय काढलं. 'कोक' आणि 'ओके' हे जगात सर्वाधिक ओळखले जाणारे दोन शब्द, मग दोन्ही आपलेच का नसावेत, असा हिशोब होता. राखाडी डब्यांवर नामवंत चित्रकथाकारांची चित्रं होती. पण 'ठीकठाक' चवीचं वचन देणारं पेय प्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही आणि १९९५ मध्ये ते बंद झालं.

आणि हाच तटस्थपणा कधी धारदार होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत हवामानबदलावर भाषण करताना पंचवीस वर्षांच्या खासदार क्लोई स्वॉरब्रिक यांना कुणी मधेच टोकलं. त्यांनी भाषण न थांबवता दोनच शब्द म्हटले, "ओके, बूमर." म्हणजे आजोबा, तुमचं चालू द्या. जगभरच्या तरुणांनी ते उचलून धरलं. तिथे ओकेचा अर्थ मान्यता नव्हताच. तिथे ते दार लावून घेणं होतं.

म्हणून हा शब्द खुशाल वापरा. चुकीच्या स्पेलिंगमधून जन्मलेला, निवडणुकीत वाढलेला, चंद्रावर जाऊन आलेला आणि मराठीत 'ओक्के' होऊन रुळलेला हा पाहुणा आता घरचाच आहे. फक्त त्याला त्याचं काम करू द्या, इतरांचं नको. बटण दाबायला, निरोप पोचल्याचं सांगायला, फोन ठेवायला ओके उत्तम. पण मुलीने काढलेलं चित्र, बायकोने वा नवऱ्याने रांधलेली भाजी, मित्राने रात्र जागून केलेलं काम समोर आलं, तर तिथे ओके म्हणून भागवू नका. तिथे 'छान', 'फक्कड', 'झकास', 'लई भारी' यांपैकी एक शब्द मोकळेपणाने द्या. मराठीकडे त्यांची कमी नाही, आणि ऐकणारा त्याच शब्दाची वाट बघत असतो.